गर्भविकृतिजनक औषधे

गर्भविकृतिजनक औषधे : गर्भवती स्त्रीने घेतली असता गर्भाच्या अवयवांच्या रचनेत, वाढीत किंवा कार्यात कायमचा दोष उत्पन्न करू शकणाऱ्या औषधांना गर्भविकृतिजनक किंवा विरूपजनक औषधे असे म्हणतात. हे दोष तीन प्रकारचे असतात. हातपाय अपुरे असणे, खंडौष्ठ, खंडतालू, हृदयाची सदोष रचना किंवा मेरुदंडाचे विभाजन यांसारखे रचनेतील दोष जन्मतःच किंवा त्यानंतर लवकरच लक्षात येतात. बहिरेपणा, मतिमांद्य, वर्तनातील विकार यांसारखे कार्यातील दोष मूल काही महिन्यांचे वा वर्षांचे झाल्यावर उघड होतात. क्वचित औषधाचा परिणाम तारुण्यात प्रकट होतो. यांशिवाय गर्भाची वाढ खुंटणे व गर्भपात हेही परिणाम घडू शकतात.

जिवंत जन्मणाऱ्या दर शंभर बालकांपैकी सु. दोन ते तीन बालकांत गंभीर स्वरूपाची जन्मजात विकृती आढळते. त्यांपैकी बहुसंख्य विकृतींचे निश्चित कारण सांगता येत नाही. ज्यांचे कारण सांगता येते त्यांत रंगसूत्रांतील व जनुकांतील दोष, मातेचा मधुमेह आणि वारफोड्या गोवर (रुबेला) यांसारखी संक्रामणे ही प्रमुख होत. औषधांमुळे उद्‌भवणाऱ्या विकृतींचा वाटा त्या मानाने लहान आहे. तथापि या विकृती टाळता येण्याजोग्या असल्यामुळे त्यांना विशेष महत्त्व आहे.

इतिहास : विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत गर्भाशयातील गर्भ बाह्य परिणामांपासून सुरक्षित असतो आणि वार (अपरा) ही अपायकारक पदार्थांना अडविणारी भिंत आहे, असा समज वैद्यकात रूढ होता. जन्मजात व्यंगे आनुवंशिक मानली जात आणि सामान्य लोक ती दैवावर, ग्रहणावर वा मातेच्या आचरणावर ढकलीत. १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियातील नेत्रवैद्य नॉर्मन ग्रेग यांनी गर्भारपणाच्या सुरुवातीस वारफोड्या गोवर झालेल्या मातांच्या मुलांत जन्मजात मोतीबिंदू व हृदयविकार आढळतात, असे दाखवून दिले. बाह्य कारणामुळे मानवी गर्भात विकृती निर्माण होते याचा हा ठळक पुरावा होता. १९५२ मध्ये गर्भपातासाठी वापरलेले ॲमिनोप्टेरीन हे फॉलिक अम्लविरोधी औषध अयशस्वी ठरल्यास जन्मणाऱ्या बालकांत विकृती आढळतात, हे प्रसिद्ध झाले. तरीही नवे औषध विक्रीस आणण्यापूर्वी त्याचा गर्भावरील परिणाम तपासण्याची सक्ती कोठेही नव्हती. ही उणीव किती घातक आहे, हे थॅलिडोमाइडने जगाला दाखविले.

थॅलिडोमाइड : हे शामक व निद्राप्रद औषध पश्चिम जर्मनीतील ग्र्यूनेंटाल या कंपनीने तयार केले. १ ऑक्टोबर १९५७ पासून ते ‘कॉन्टरगन’ या नावाने तेथे चिठ्ठीवाचूनही विकले जाऊ लागले. १९५८ मध्ये ते ‘डिस्टाव्हल’ या नावाने ब्रिटनमध्ये आले आणि पुढे अनेक देशांत पसरले. त्या काळातील बार्बिट्युरेट गटातील झोपेची औषधे प्रमाणाबाहेर घेतल्यास मृत्यू ओढवे. थॅलिडोमाइडने तसे होत नसल्यामुळे ते अत्यंत निर्धोक म्हणून नावाजले गेले. गर्भारपणातील मळमळ व निद्रानाश यांवरही ते दिले जाऊ लागले. प्रौढ प्राण्यांना त्याच्या मोठ्या मात्रेनेही मृत्यू येत नाही, यावरून ते गर्भासही निरुपद्रवी असेल असे गृहीत धरले गेले. या गृहीतकाला प्रयोगाचा आधार नव्हता.

पुढील दोनतीन वर्षांत जर्मन रुग्णालयांतून एरवी अत्यंत दुर्मिळ असलेली विकृती वारंवार दिसू लागली. या बालकांत दंडाची व हाताची लांब हाडे नसत किंवा अगदी आखूड असत आणि पंजा जवळजवळ खांद्यालाच चिकटलेला असे. सील या जलचर प्राण्याच्या वल्ह्यासारख्या अवयवांशी असलेल्या साम्यावरून या विकृतीस ‘फोकोमेलिया’ म्हणतात. काहींचे पाय तसेच असत. तर काहींत बाह्यकर्ण, डोळे, हृदय, वृक्क (मूत्रपिंड) व आतडी यांचेही दोष असत. हँबर्ग येथील बालरोगतज्ञ विडुकिंड लेंट्स यांनी अशा बालकांच्या मातांची घरोघर जाऊन चौकशी केली व नोव्हेंबर १९६१ मध्ये या औषधाविषयीचा संशय जाहीरपणे मांडला. त्याच महिन्याच्या अखेरीस जर्मनीत औषधाची विक्री थांबविण्यात आली. सिडनी येथील प्रसूतितज्ञ विल्यम मॅकब्राइड यांनी स्वतंत्रपणे काढलेला तोच निष्कर्ष डिसेंबर १९६१ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पत्ररूपाने प्रसिद्ध झाला. तोवर जगभर दहा हजारांहून अधिक बालके या विकृतींसह जन्मली होती असा अंदाज आहे. त्यांपैकी सु. ४० टक्के बालके अल्पावधीत मरण पावली. विकृत गर्भाच्या झालेल्या गर्भपातांची गणती यात नाही.

अमेरिकेत मात्र हे औषध बाजारात येऊ शकले नाही. तेथील अन्न व औषध प्रशासनातील वैद्य फ्रान्सिस केल्सी यांच्याकडे सप्टेंबर १९६० मध्ये परवानगीसाठी अर्ज आला. सादर केलेला पुरावा अपुरा आहे, असे सांगून त्यांनी वारंवार अधिक माहिती मागितली. दीर्घकाळ औषध घेणाऱ्यांच्या हातापायांतील तंत्रिकांना इजा होते, हे ब्रिटनमधून प्रसिद्ध झालेले वृत्त वाचल्यावर त्यांनी गर्भावरील परिणामाविषयीही विचारणा केली. कंपनीचा सतत आग्रह असूनही त्यांनी परवानगी दिली नाही. वैद्यांना वाटलेल्या नमुन्यांमुळे अमेरिकेत जन्मलेली विकृत बालके थोडीच होती. १९६२ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या हस्ते केल्सी यांचा गौरव करण्यात आला. त्याच वर्षी नवे औषध परिणामकारक असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकणारा कायदा तेथे संमत झाला. पश्चिम जर्मनीत १९६८ मध्ये सुरू झालेला फौजदारी खटला १९७० मध्ये निकालाविना संपला. पीडितांसाठी दहा कोटी मार्कांचा निधी देण्याचे कंपनीने मान्य केले.

या औषधाची क्रिया दीर्घकाळ गूढ राहिली. २०१० मध्ये जपानी संशोधकांनी ते ‘सेरेब्लॉन’ या प्रथिनाशी बद्ध होते असे दाखविले. त्यामुळे कोशिकेतील प्रथिने नष्ट करणाऱ्या यंत्रणेचे लक्ष्य बदलते व अवयवांच्या निर्मितीस आवश्यक अशी काही प्रथिने नष्ट होतात. ‘एसएएलएल-४’ हे त्यांपैकी एक होय, असे २०१८ मध्ये आढळून आले. उंदीर व घूस यांच्यातील सेरेब्लॉनाची घडण किंचित वेगळी असल्यामुळे त्यांच्या गर्भांवर तसा परिणाम होत नाही. सशांवर व माकडांवर होतो. यावरून एकाच जातीच्या प्राण्यावरील चाचणीवर विसंबणे धोक्याचे आहे हे स्पष्ट होते. थॅलिडोमाइड आजही उपयोगात आहे. १९६४ मध्ये जेरूसलेम येथील जेकब शेस्किन यांना कुष्ठरोगातील वेदनायुक्त गाठींच्या प्रतिक्रियेवर ते गुणकारी असल्याचे दिसून आले. पुढे बहुविध मज्जार्बुद या कर्करोगावरही त्याचा उपयोग होऊ लागला. गर्भधारणेची शक्यता असलेल्या स्त्रीला ते द्यावयाचे झाल्यास गर्भ नसल्याची खात्री करून घेणे व गर्भनिरोधाचे कडक उपाय योजणे अनिवार्य असते. ब्राझीलमध्ये कुष्ठरोगासाठी दिलेल्या गोळ्यांमुळे १९६१ नंतरही अशी बालके जन्मली, ही गोष्ट या बाबतीत बोधप्रद आहे.

विकृती केव्हा घडते : एकच औषध एका स्त्रीच्या बालकात विकृती घडविते व दुसरीच्या बालकात नाही, यामागील सर्वांत महत्त्वाचे कारण म्हणजे औषध घेतल्याची वेळ होय. गर्भारपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजण्याची प्रथा असल्यामुळे गर्भाचे प्रत्यक्ष वय त्याहून सु. दोन आठवड्यांनी कमी असते. पुढील काल फलनापासून मोजलेला आहे.

पहिल्या दोन आठवड्यांत भ्रूणातील कोशिका परस्परांची जागा घेऊ शकतात. त्यामुळे इजा मोठी असल्यास भ्रूण नष्ट होतो. किरकोळ असल्यास ती भरून निघते. तिसऱ्या ते आठव्या आठवड्यापर्यंतचा काळ अवयवनिर्मितीचा असून तोच सर्वांत धोक्याचा होय. मेंदू व मज्जारज्जू ज्यापासून बनतात ती तंत्रिका-नलिका सु. २८ व्या दिवशी पूर्णपणे मिटते; त्यानंतर घेतलेल्या औषधाने मेरुदंड दुभंगलेला राहू शकत नाही. थॅलिडोमाइडचा धोका सु. २० व्या ते ३६ व्या दिवसांपुरता मर्यादित असल्याचे लेंट्स यांच्या पाहणीतून दिसून आले. या कालाच्या आरंभी औषध घेतले असता कानांचे, नंतर हातांचे व त्यानंतर पायांचे दोष उद्‌भवत. या अवधीत घेतलेली एखादी गोळीदेखील पुरेशी ठरे. नवव्या आठवड्यानंतर अवयवांची घडण बहुतेक पुरी झालेली असते; परंतु मेंदू, वृक्क, दात व जननेंद्रिये यांचा विकास चालूच राहतो व त्यांना पुढेही अपाय होऊ शकतो.

पाळी चुकल्याचे ध्यानात येते तेव्हा गर्भाचे वय दोन आठवडे उलटून गेलेले असते आणि खात्री करून घेईपर्यंत अवयवनिर्मिती सुरू झालेली असते. म्हणून ‘दिवस गेल्याचे कळल्यावर औषधे बंद करू’ हा विचार पुष्कळदा उशिराचा ठरतो.

वेळेखेरीज मात्रा, औषध घेण्याचा कालावधी व माता आणि गर्भ यांची जनुकीय घडण यांवरही परिणाम अवलंबून असतो. वारेतून बहुतेक औषधे गर्भात पोहोचतात. ५०० पेक्षा कमी रेणुभाराची व वसेत विरघळणारी औषधे सहज पार जातात. हेपारिनाचा रेणू फार मोठा असल्यामुळे ते जवळजवळ पोहोचतच नाही व इन्शुलीन अत्यल्प प्रमाणात पोहोचते.

प्रमुख औषधे : (१) अपस्मारावरील औषधे : फेनिटॉइनामुळे खंडौष्ठ, हृदयविकार व नखांची अपुरी वाढ हे दोष संभवतात. यांहून अधिक धोका व्हॅल्प्रोएटाचा आहे. ते घेणाऱ्या मातांच्या मुलांत मेरुदंडाच्या विभाजनाचे प्रमाण शेकडा एक ते दोन आढळते, हे १९८२ मध्ये फ्रान्समधील लीआँ येथील पाहणीतून प्रथम लक्षात आले. सर्व गंभीर विकृती धरल्यास प्रमाण शेकडा सु. दहापर्यंत जाते व शेकडा तीस ते चाळीस मुलांत बौद्धिक किंवा वर्तनविषयक विकासात अडथळे आढळतात. मात्रेबरोबर धोका वाढतो. लॅमोट्रिजीन व लेव्हेटिरॅसिटाम ही त्या मानाने बरीच सुरक्षित आहेत. भारतीय स्त्रियांविषयीची या बाबतीतील माहिती तिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनल संस्थेत १९९८ पासून ठेवल्या जाणाऱ्या नोंदींतून मिळते.

(२) अ जीवनसत्त्वाशी संबंधित औषधे : चेहऱ्यावरील तीव्र तारुण्यपीटिकांसाठी दिले जाणारे आयसोट्रेटिनॉइन १९८२ मध्ये अमेरिकेत विक्रीस आले व पुढील वर्षीच त्यामुळे कान, हृदय, यौवनलोपी ग्रंथी (थायमस) व मेंदू यांच्या विकृती झाल्याचे वृत्तांत आले. ते थांबविल्यावर किमान एक महिना गर्भधारणा टाळावी लागते; ॲसिट्रेटीन हे शरीरात दीर्घकाळ टिकत असल्यामुळे तीन वर्षे टाळावी लागते. ही औषधे सौंदर्याच्या हेतूने तरुण स्त्रियाच अधिक घेत असल्यामुळे त्यांचा धोका विशेष आहे. अ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रांनीही तसाच अपाय संभवतो.

(३) वॉरफरीन : रक्त साखळू नये म्हणून दिल्या जाणाऱ्या या औषधामुळे गर्भारपणाच्या सहाव्या ते बाराव्या आठवड्यांत नाक बसके होणे व हाडांच्या टोकांशी कॅल्शियमाचे ठिपके साचणे हे दोष उद्‌भवतात. पुष्कळ रुग्णांत त्याऐवजी हेपारीन देता येते. हृदयात कृत्रिम झडप बसविलेल्या स्त्रीत मात्र हेपारिनाने झडपेवर गुठळी होण्याची भीती अधिक असते व तेथे मातेचा जीव आणि गर्भाची सुरक्षितता यांत तारतम्याने निवड करावी लागते.

(४) कोशिकाविभाजनविरोधी औषधे : मेथोट्रेक्सेट, मायकोफेनोलेट व कर्करोगावरील अनेक औषधे या गटात मोडतात. संधिवात व त्वचारोग यांसाठीही मेथोट्रेक्सेट दिले जाते, हे लक्षात ठेवणे इष्ट.

(५) हॉर्मोने : गर्भपात टाळण्यासाठी १९४० नंतर दिल्या जाणाऱ्या डाय-एथिल स्टिल्बेस्ट्रॉल या कृत्रिम ईस्ट्रोजेनामुळे जन्मलेल्या मुलींपैकी काहींना तारुण्यात योनिमार्गाचा दुर्मिळ कर्करोग झाल्याचे १९७१ मध्ये बॉस्टन येथे आढळून आले. गर्भपात टाळण्यासही ते निरुपयोगी असल्याचे १९५३ मध्येच दिसून आले होते. पुरुषी हॉर्मोनांमुळे मुलीच्या बाह्य जननेंद्रियांस पुरुषी वळण लागते.

(६) उत्तरार्धात अपायकारक औषधे : रक्तदाबावरील एनालॅप्रिलसारख्या औषधांमुळे चौथ्या महिन्यानंतर गर्भाच्या वृक्कांचे कार्य बिघडते व गर्भजल कमी होते. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारखी वेदनाशामके विसाव्या आठवड्यानंतर गर्भजल कमी करू शकतात व अखेरच्या तीन महिन्यांत गर्भाच्या हृदयाजवळील रोहिणी-नलिका अकाली बंद करू शकतात. टेट्रासायक्लिनाने मुलाचे दात पिवळे-तपकिरी होतात. स्ट्रेप्टोमायसिनाने श्रवण-तंत्रिकेस इजा होऊ शकते. म्हणून गर्भवतीच्या क्षयावर ते देत नाहीत. आयसोनायझीड, रिफँपिसीन व एथँब्युटॉल ही मात्र देता येतात.

औषध नसले तरी मद्याचा उल्लेख येथे आवश्यक आहे. मद्यपी मातांच्या मुलांत आढळणारी चेहऱ्याची विशिष्ट ठेवण, खुंटलेली वाढ व मतिमांद्य यांचे वर्णन १९७३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाले. मद्याची सुरक्षित मात्रा अशी सांगता येत नाही.

अनाठायी भीती : ज्याप्रमाणे दुर्लक्षाने अनर्थ होतो त्याप्रमाणे निराधार भीतीनेही होतो. मळमळीवरील डॉक्सिलॅमीन व पिरिडॉक्सीन (ब६ जीवनसत्त्व) यांचे मिश्रण असलेल्या ‘बेंडेक्टिन’ या औषधावर अमेरिकेत अनेक दावे लावले गेले व १९८३ मध्ये उत्पादकाने ते विक्रीतून काढून घेतले. विस्तृत पाहण्यांत त्याच्यामुळे विकृती होत असल्याचा पुरावा मिळाला नाही आणि २०१३ मध्ये त्याच मिश्रणास तेथे पुन्हा मान्यता मिळाली. भारतातही ते सर्रास दिले जाते. थॅलिडोमाइडविषयी इशारा देणाऱ्या मॅकब्राइड यांनी पुढे हायोसीन या औषधाविषयीच्या सशांवरील प्रयोगांतील आकडे बदलल्याचे सिद्ध झाले व १९९३ मध्ये त्यांचे नाव वैद्यांच्या नोंदवहीतून कमी करण्यात आले. औषध घेतल्यावर विकृत मूल जन्मले एवढ्यावरून कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही. औषध न घेणाऱ्या मातांतही शेकडा दोनतीन विकृती घडतातच.

उपचार न करण्यातही धोका असतो. अपस्माराचे झटके, अनियंत्रित मधुमेह, दमा, हिवताप, क्षय व उच्च रक्तदाब हे रोग माता व गर्भ या दोघांच्या जिवावर बेतू शकतात. गर्भधारणेच्या सुमारास रक्तशर्करा फार वाढलेली असल्यास विकृतींचे प्रमाण कित्येक पटींनी वाढते. भीतीपोटी अपस्मारावरील गोळ्या एकाएकी बंद केल्यामुळे मातेचा मृत्यू ओढवल्याची उदाहरणे आहेत. म्हणून बहुधा प्रश्न औषध घ्यावे की न घ्यावे हा नसून कोणते, किती व केव्हा घ्यावे हा असतो. पेनिसिलीन व सेफॅलोस्पोरीन गटांतील प्रतिजैव औषधे, इन्शुलीन, रक्तदाबावरील मेथिलडोपा व लॅबेटॅलॉल ही दीर्घ अनुभवाने सुरक्षित ठरलेली आहेत.

भारतातील परिस्थिती : गर्भ आहे की नाही हे ठरविण्यासाठी ईस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन यांच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या भारतात दीर्घकाळ वापरल्या जात व त्या गर्भपातासाठीही घेतल्या जात. स्त्रियांच्या व ग्राहकांच्या संघटनांनी त्यांविरुद्ध चळवळ केली. १९८२ मध्ये बंदीचा आदेश निघाला, परंतु न्यायालयीन स्थगितीमुळे प्रत्यक्ष बंदी १९८८ मध्ये अंमलात आली. या गोळ्यांनी विकृती होतात किंवा कसे याविषयी तज्ञांत मतभेद राहिले. तथापि लघवीच्या साध्या तपासणीने गर्भनिदान होत असताना त्यांचे काहीच प्रयोजन उरले नव्हते.

मुलगाच व्हावा या इच्छेने दिवस गेल्यावर घेतली जाणारी गुप्त औषधे हा येथील एक विशेष धोका आहे. गर्भाचे लिंग फलनाच्या क्षणीच ठरत असल्यामुळे ती निरर्थक असतात. उत्तर भारतात गोळा केलेल्या अशा काही नमुन्यांत वनस्पतिज ईस्ट्रोजेने व टेस्टोस्टेरॉन आढळली आणि हरयाणातील पाहण्यांत ती घेणाऱ्या मातांच्या मुलांत जन्मजात विकृतींचे प्रमाण अधिक दिसून आले. काही भस्मांतून व रसौषधींतून शिसे शरीरात जाऊन वारेतून गर्भापर्यंत पोहोचू शकते. ‘झाडपाल्याचे औषध निर्धोकच असते’ हा समज चुकीचा आहे. चिठ्ठीवाचून औषधे विकत घेण्याची सवय व जुनी चिठ्ठी दाखवून पुन्हा तेच औषध आणण्याची प्रथा यांमुळे धोका वाढतो.

प्रतिबंध : नवीन औषधाची गर्भावरील चाचणी दोन जातींच्या प्राण्यांवर, त्यांपैकी एक सशासारखी कृंतकेतर, करणे आता आवश्यक मानले जाते. गर्भवती स्त्रियांवर प्रयोग करणे नीतीस धरून नसल्यामुळे मानवातील माहिती मुख्यत्वे औषध घेतलेल्या गर्भवतींच्या नोंदींतून गोळा होते. अमेरिकेत १९७९ पासून औषधांची ए, बी, सी, डी व एक्स अशी वर्गवारी रूढ होती. अक्षरावरून धोक्याची चुकीची कल्पना येत असल्यामुळे २०१५ पासून तिच्याऐवजी वर्णनात्मक माहिती देण्यास सुरुवात झाली.

दीर्घकालीन रोग असलेल्या स्त्रीने गर्भधारणेपूर्वीच वैद्याचा सल्ला घेऊन औषधात आवश्यक तो बदल करून घेणे, हा सर्वोत्तम उपाय होय. फॉलिक अम्लाने मेरुदंडाच्या विभाजनाचा धोका कमी होतो. ज्यांच्या आधीच्या अपत्यात असा दोष होता, त्यांच्यात मोठ्या मात्रेने पुनरावृत्तीचे प्रमाण सु. ७० टक्क्यांनी घटल्याचे १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीतून सिद्ध झाले. सर्वसाधारण स्त्रीने गर्भधारणेच्या किमान एक महिना आधीपासून तिसरा महिना पूर्ण होईपर्यंत रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अम्ल घ्यावे. कोणत्याही आजारासाठी वैद्याकडे जाताना पाळी चुकली असल्यास वा गर्भधारणेची इच्छा असल्यास तसे आवर्जून सांगावे. नकळत एखादे औषध घेतले गेले असल्यास घाबरून गर्भपाताचा निर्णय घेऊ नये. औषधाचे नाव, मात्रा व घेतल्याचे दिवस नोंदवून तज्ञास दाखवावेत. अशा बहुसंख्य प्रसंगी बालक निर्दोष जन्मते. सु. १८ ते २० व्या आठवड्यात केलेल्या श्राव्यातीत ध्वनी-तपासणीने (सोनोग्राफीने) हातपाय, मेरुदंड व हृदय यांचे अनेक दोष ओळखता येतात. कार्यातील दोष मात्र या तपासणीत दिसत नाहीत.